भुरीच्या पाठीवर हळद-चुना

अठरा जानेवारी. डोळे बांधायचं काम चालू होतं. संत्र्याची रोपवाटिका असलेल्या घरात जानेवारीत दुसरं काम नसतं. जंबेरी या खुंटाच्या लिंबाच्या पेन्सिलएवढ्या जाड रोपाच्या सालीत चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. चीर मी देते, डोळाही मीच बसवते. पट्टी गुंडाळायला चार बाया असतात. दोन वाफे आटोपून आम्ही तिसऱ्यात बसलो होतो, तेवढ्यात घरामागून कोंबडीचा आवाज आला.

कोंबड्यांचे आवाज मला कळतात. अंडं घातल्यावरचा वेगळा, मुंगूस दिसल्यावरचा वेगळा. मुंगूस आलं तर सगळ्या मिळून गलका करतात. इथं एकटीच ओरडत होती आणि बाकीच्या गप्प होत्या. म्हणून मी चाकू मिटला आणि उठले.

घरामागं जाळी लावलेलं छोटं आवार आहे. एरवी कोंबड्या तिथं रात्रीपुरत्या असतात, दिवसा रानात हिंडतात. पण डोळे बांधायच्या दिवसांत मी त्यांना बाहेर सोडत नाही. ओल्या वाफ्यात त्या उकरतात, आणि चकाकणाऱ्या पट्ट्या त्यांना काय वाटतात देव जाणे, ओढून ओढून काढतात. तेव्हा दहा दिवस झाले, चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा त्या एवढ्याशा जागेत कोंडलेले होते. चारा-पाणी वेळेवर होतं. करायला मात्र त्यांना काहीच नव्हतं.

भुरी कोपऱ्यात होती. डोकं खोक्याखाली घातलेलं आणि बाकी अंग बाहेर. चार-पाच जणी तिच्या शेपटीच्या वर, पाठीवर टोचत होत्या. रागानं नव्हे, दाणे टिपावेत तशा, पाळीपाळीनं. मी त्यांना हाकललं आणि भुरीला उचललं. पाठीवर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती, रक्त येत होतं, आजूबाजूचं कातडं सुजून काळंनिळं झालं होतं.

एखाद्या दुसऱ्या कोंबडीचं असं झालं असतं तर मी तिला टोपल्याखाली झाकून कामाला लागले असते. पण भुरी खुडुक होती. सतरा दिवसांपासून अंड्यांवर बसली होती, आणि ती अंडी माझी नव्हती.

ती आमच्या मागच्या घरातल्या बाईची. वयानं माझ्या निम्मी असेल. नवरा नागपूरला कामाला, पंधरवड्यानं येतो. डिसेंबरात तिच्या आठही कोंबड्या मानमोडीच्या साथीत मेल्या. मी माझ्या कोंबड्यांना लस दिली तेव्हा तिलाही सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "आमच्याइले कधी काई होत नाही जी." मेल्यावर मी ते तिला ऐकवलं नाही. ऐकवून कोंबड्या उठत नाहीत.

एक तारखेला ती पिठाच्या डब्यात अंडी घेऊन आली.

"काकू, तुमची भुरी खुडुक झाली म्हणून आयकलं. हे नऊ हायेत. बसवता का तिच्याखाली?"

"साथीतल्या कोंबड्यांची अंडी मी बसवत नाही."

"दुखण्याच्या आधीची हायेत जी. आठ-धा दिवस झाले, पिठात ठेवली होती. खायची हिंमत नाही झाली."

मग तिनं सगळं सांगितलं. त्या कोंबड्या तिच्या माहेरच्या, मोहगावच्या. मानेवर पिसं नसलेली जात, अंगानं भरलेली, उन्हाळ्यातही अंडी देणारी. पहिल्या बाळंतपणानंतर परत येताना आईनं दोन दिल्या होत्या. आई आता नाही. भावजयीला कोंबड्यांचा वास सहन होत नाही, म्हणून तिकडच्या केव्हाच संपल्या. म्हणजे या नऊ अंड्यांत जे असेल तेवढंच उरलं होतं.

मी हो म्हटलं ते दया येऊन नव्हे. आमच्या विहिरीजवळ एक जुनं संत्र्याचं झाड आहे. मी डोळे त्याच्याच फांद्यांचे घेते. ते उद्या वाळलं तर तसं झाड मला कोणत्याही बाजारात मिळणार नाही. जात संपणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. मी अंडी वेगळ्या टोपल्यात घेतली, प्रत्येकावर कोळशानं खूण केली, म्हणजे आमच्या कोंबडीनं मध्येच एखादं घातलं तर ओळखू यावं, आणि अंधार पडल्यावर भुरीखाली सरकवली.

तर अठरा तारखेला मी तिला टॉवेलात गुंडाळलं, डोळ्यांवरही टॉवेल ओढला. डोळे झाकले की कोंबडी शांत होते. जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापली, मिठाच्या कोमट पाण्यानं पुसून घेतलं. मग माझा हात सवयीनं कपाटाकडे गेला. हळद आणि चुना. आमच्याकडे कोणी पडलं, पाय मुरगळला, कोपर सुजलं, की हळद-चुना. माझ्या दोन्ही मुलांच्या कपाळांवर तो लागला आहे, रोपवाटिकेत काम करणाऱ्या बायांच्या पायांना लागला आहे. उघड्या जखमेत चुना घालत नाहीत, तेवढं मला समजत होतं. म्हणून मध्ये नुसती हळद भरली आणि भोवतीच्या सुजेवर हळद-चुन्याचा लेप दिला. हळदीत चुना पडला की ती लालभडक होते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. चारही बाया बघायला येऊन उभ्या होत्या. त्यांनाही माहीत होतं. आम्हा पाच जणींपैकी एकीलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट सगळ्यांत वडील बाई म्हणाली, "जरा वरतून बी लावा नं बाई, शेपटीकडं सुजलं हाये."

मी शेपटीकडंही लावलं.

भुरीला खोक्यात सोडलं तर ती आपणहून अंड्यांवर बसली. वीस मिनिटांच्या वर काही झालं नव्हतं. मी हात धुतले आणि तिसऱ्या वाफ्यावर गेले.

खुडुक कोंबडी दिवसातून एकदा उठते. चरते, पाणी पिते, घाण करते, पाव-अर्ध्या तासात परत बसते. भुरी साडेअकरा-बाराला उठायची. दुसऱ्या दिवशी तेवढ्या वेळेला आपण काठी घेऊन उभं राहायचं, असं मी ठरवलं होतं. पण अकराला सावरगावहून एक शेतकरी रोपं पाहायला आला. चांगला माणूस, फक्त बोलायचं थांबत नाही. त्याला विहिरीजवळचं झाड दाखवलं, मग त्याच्या बगिच्यातल्या डिंक्या रोगाचं ऐकलं, मग त्याच्या भावाच्या बगिच्यातल्या डिंक्याचं. तो गेला तेव्हा सव्वा वाजला होता.

मी पळत मागं गेले. खोकं रिकामं होतं.

अंडं उचलून पापणीला लावलं. गार नव्हतं, पण कोंबडीखालचं अंडं जसं लागतं तसं मुळीच नव्हतं. किती वेळ उघडी होती, कळायला मार्ग नव्हता. आमच्याकडे दुसरी खुडुक कोंबडी नाही. पूर्वी खोक्यात पिवळा बल्ब लावून भागायचं. आता घरातले सगळे बल्ब पांढरे, त्यांची ऊब मांजरालाही पुरणार नाही. मी टोपल्यात जुनी वाकळ घातली, तिच्या घडीत गरम पाण्याची रबरी पिशवी, तिच्यावर कापडाचे दोन पदर आणि त्यावर अंडी. वरून शाल. मग कोंबडी शोधायला लागले.

रोपांच्या काळ्या पिशव्यांचे गठ्ठे आवारात भिंतीला लावून ठेवले होते. भिंत आणि गठ्ठे यांच्यामधल्या फटीत ती घुसली होती. बाहेर काढताना ओरडली नाही. ते मला आवडलं नाही. ओरडणाऱ्या कोंबडीची मला काळजी वाटत नाही. रुपयाएवढी जखम आता तळहाताएवढी झाली होती. कातडं निघून खालचं मांस दिसत होतं. जिथं जिथं मी लेप दिला होता, अगदी शेपटीकडंही, तिथं तिथं टोचलं होतं.

एवढं बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मी मनातल्या मनात कोंबड्यांनाच शिव्या देत होते. भुरीला दुसऱ्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि जखम धुवायचं पाणी गरम व्हायची वाट बघत मागच्या पायरीवर बसले. कालचा टॉवेल मी घाईत जाळीवर टाकला होता, तो तसाच होता. त्याला लेपाचे डाग लागले होते. एक कोंबडी आली, मान वाकडी करून तिनं टॉवेलाकडं बघितलं आणि टोचलं. मग दुसरी आली. मग कोंबड्यानं उडी मारून टोचलं. पांढऱ्या टॉवेलावर कुठंही नाही, फक्त लाल डागांवर.

मी उठले. वाटीत कालचा थोडा हळद-चुना वाळून बसला होता, तो पाण्यात कालवून एका विटेवर बोट ओढलं आणि वीट आवारात ठेवली. मिनिटभरात विटेभोवती सहा जणी.

कोंबडीला लाल दिसलं की ती टोचते. रक्त दिसलं की टोचते. मी त्या बिचारीच्या पाठीवर रक्तापेक्षा लाल काहीतरी फासून तिला त्यांच्यात सोडून दिलं होतं.

जनावरांच्या दवाखान्यातला एक माणूस आमच्याकडे गाईसाठी येतो. त्याला फोन लावला. सगळं सांगितलं, विटेचंही सांगितलं. तिकडून आधी हसायचा आवाज आला.

"काकू, हळदीकुंकवाचे दिवस हायेत म्हणून कोंबडीलेबी कुंकू लावलं का?"

"हसून झालं असेल तर काय लावायचं ते सांग."

"तो लेप पूर्न धुऊन काढा. कोमट पानी, मीठ. मंग ते जांभळं औषध नाही का, पयले पोराइचं तोंड आलं का लावत होते, ते लावा. लाल काईच नको. आनं बाकीच्या कोंबड्याइतून तिले काढा."

"ती अंड्यांवर आहे."

"मंग अंड्यासंगच काढा."

"हलवली की ती बसणार नाही. अठरावा दिवस आहे."

"मंग तुम्ही पाहा बाप्पा. कोंबडी वाचवाची का अंडी, ते तुमच्यावर हाये."

मी लेप धुतला. अर्धा तास लागला. दर वेळी वाटायचं निघाला, आणि पिसाच्या मुळाशी परत लाल दिसायचं. भुरी थरथरत होती, पण तिनं मान एकदाही उचलली नाही. माझे यजमान सौंसरला शाळेत शिकवतात, रोज बसनं जातात-येतात. त्यांना निरोप दिला की बसस्टँडवर यायच्या आधी औषधाच्या दुकानातून जांभळं औषध घ्या, मिळेपर्यंत दुकानं फिरा.

कोंबडी वाचवायची का अंडी, हा प्रश्न मला पटत नव्हता. भुरीला हलवता येत नाही, हे खरं. पण बाकीच्या चौदा जणांना हलवता येत होतं. आणि मुळात त्यांना कोंडलं होतं मी. एवढ्या जागेत चौदा जीव दहा दिवस रिकामे ठेवले तर ते एकमेकांकडेच वळणार. माणसंही वळतात.

मी आवाराचं दार उघडलं.

सगळ्या एकदम बाहेर पडल्या आणि थेट वाफ्यांकडं निघाल्या. तिकडून बायांचा ओरडा आला. "अवो बाई! कोंबड्या सुटल्या! हाऽड! हाऽड!"

"सुटल्या नाहीत, सोडल्या," मी म्हटलं.

"मंग आता डोळे बांधाचे का कोंबड्या वळाच्या? दोन्हीची मजुरी एकच का वेगयेगळी?"

"एक जण काठी घेऊन बसा. दोघी माझ्यासोबत चला."

बांधावर बोरीची झुडपं आहेत. आम्ही तिघींनी त्यांच्या काट्या तोडल्या आणि बांधून झालेल्या वाफ्यांवर पसरल्या. हात ओरबाडले, पण दोन तासांत काम झालं. कोंबड्यांनी एकदा-दोनदा काट्यांत पाय घालून पाहिला आणि मग त्या नाल्याकडं गेल्या. पहिल्याच दिवशी ज्या कामाला दोन तास लागले असते, ते मी दहा दिवस उशिरा केलं. नाही म्हणायला तीस-चाळीस पट्ट्या त्यांनी तोवर ओढल्या होत्या. त्या रोपांना पुन्हा डोळे बसवावे लागले.

बोरी तोडायला जाण्याआधी अंडी खोक्यात परत ठेवली होती आणि भुरीला खोक्याच्या तोंडाशी उभं केलं होतं. ढकललं नाही. ढकललेली कोंबडी उठून जाते. ती उभीच राहिली. पाठ वर काढून, पंख अर्धवट सोडून, अंड्यांकडं न बघता. मी खोक्यावर पोतं टाकलं, फक्त एक फट ठेवली आणि उकिडवी बसून त्या फटीतून बघत राहिले. माझ्या गुडघ्यांना ते चालत नाही. बऱ्याच वेळानं तिनं एक पाय आत टाकला. मग दुसरा. मग चोचीनं एक अंडं पोटाकडं ओढलं आणि त्यावर हळूहळू उतरली. पाठीची ती अवस्था असताना तिला बसायला किती दुखलं असेल, ते तिलाच माहीत.

संध्याकाळी मी मागच्या घरी गेले. सांगायचं की नाही, असा विचार आला होता, खोटं कशाला बोलू. अंडी फुटली असती तर प्रश्नच नव्हता, आणि नसती फुटली तर 'नाही फुटली' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तिची नऊच्या नऊ अंडी तीन दिवसांनी वाया जायची असतील तर तिला आजच कळायला हवं होतं.

ती भाकरी थापत होती. मी दारातूनच सांगितलं. हळद-चुना, टॉवेल, सावरगावचा माणूस, सगळं.

"किती वेळ गार होती?"

"माहीत नाही. जास्तीत जास्त पावणेदोन तास. कमीत कमी... माहीत नाही."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "मले आत्ताच काऊन सांगितलं काकू? फुटली नसती तं मंग सांगतलं असतं."

"माझी चूक आहे म्हणून."

"तुमची तं हायेच," ती म्हणाली. मग भाकरी उलटून म्हणाली, "माही बी होती. लस नाही टोचू देली मी." ती पहिल्यांदाच ते बोलली.

यजमान सहाला आले. पिशवीतून एवढीशी बाटली काढून म्हणाले, "चार दुकानं हिंडलो. शेवटचा म्हणतो, गुरुजी, तोंड कोणाचं आलं? म्हटलं, कोंबडीची पाठ आली."

"हात धुवा आणि तिला धरा."

"शाळेतून आलेल्या माणसाला लोक चहा देतात."

पण धरली त्यांनी. मी बसल्या जागीच, खोक्याचं झाकण उघडून, कापसाच्या बोळ्यानं औषध लावलं. भुरीची पाठ जांभळी झाली, त्यांची मनगटं जांभळी झाली. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी विचारलं असणार. काय उत्तर दिलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

पुढचे दोन दिवस मी भुरीला उठू दिलं नाही असं नाही. पण उठली की मी शेजारी उभी. दाणे आणि पाणी खोक्याच्या तोंडाशी. सकाळ-संध्याकाळ जखमेचा वास घ्यायचा, औषध लावायचं. वास आला नाही. दुसऱ्या दिवशी कडेनं वाळायला लागलं. तिनं सकाळी ज्वारी खाल्ली तेव्हा मी स्वतःशीच म्हटलं, ही मरत नाही. राहिला प्रश्न अंड्यांचा.

एकवीस तारखेला, विसाव्या दिवशी, मागच्या घरची बाई पातेलं घेऊन आली. "माही आई पान्यात सोडून पाहे," ती म्हणाली. "जित्तं असलं तं डोलते."

कोमट पाण्यात अंडी सोडून बघायची ही पद्धत मला माहीत होती. मी कधी केली नव्हती. फुटायला आलेल्या अंड्याला उगाच हात लावू नये, असं माझं मत. पण दोन दिवस ती रोज तीन वेळा येऊन खोक्याशी बसत होती आणि काही विचारत नव्हती. तिला हे करायचं होतं. मी पाण्यात कोपर घालून बघितलं, जरा गार करायला लावलं आणि भुरीच्या पोटाखालून एकेक अंडं काढून तिच्या हातात दिलं.

पहिलं पाण्यात तरंगलं आणि स्थिर राहिलं. आम्ही दोघी पातेल्यावर वाकलो. मग ते थोडंसं हललं. वारा नव्हता. परत हललं, जणू आतून कोणी बोटानं ढोसावं तसं.

"पाहा!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की भुरीनं मान वर काढली.

सहा डोलली. तीन नाही. ती तीन तिनं हातात बराच वेळ धरली. "हे टाकाची?"

"नाही. नऊ बसवली, नऊच राहतील. कोणती जिवंत आणि कोणती मेलेली, ते भुरी ठरवेल. आपलं पातेलं खोटं पण बोलत असेल."

पातेलं खोटं बोललं नव्हतं. बावीस तारखेला, एकविसाव्या दिवशी, काहीच झालं नाही. ती दिवसभर आमच्याच ओट्यावर होती. अंडी मध्ये गार झाली की एखादा दिवस पुढं जातं, हे मी तिला सांगितलं आणि स्वतःलाही. तेवीसला पहाटे खोक्यातून चिवचिव आली. दुपारपर्यंत पाच पिल्लं बाहेर. सहावं कवच टोचून टोचून थकलं आणि तसंच गेलं. डोलली नव्हती ती तीन तशीच राहिली. संध्याकाळी मी ती लांब नेऊन पुरली. पाचांतली तीन बापाच्या, गावातल्या साध्या कोंबड्याच्या वळणावर गेली होती. बाकी दोघांच्या माना उघड्या होत्या, नागड्या, गुलाबी, आणि दिसायला खरं सांगायचं तर वाईट.

"दोनच," ती म्हणाली.

"दोघांत एक कोंबडी निघाली तरी बास आहे. एका डोळ्यावर अख्खा बगिचा उभा राहतो."

ती हसली. मग रडली. मग पदर पसरून म्हणाली, "मी आत्ताच नेतो जी घरी. भुरीले बी नेतो, चार दिवसांनं आनून देतो."

"नेऊ नको."

"माही हायेत काकू."

"तुझीच आहेत. म्हणूनच सांगते. त्या साथीत मेलेल्या कोंबड्या ज्या खुराड्यात होत्या, ते खुराडं तू अजून ठेवलं आहेस. अंगण तेच आहे. तिथली माती तीच आहे. पिल्लं तिकडं गेली तर आठ दिवसांत मान टाकतील. सातव्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यांत लसीचे थेंब घालणार. तोवर ती इथंच, भुरीखाली."

"ते खुराडं माह्या मालकानं केलं हाये. बांबूचं. दिवायीले दोन दिवस घालवले त्यानं."

"त्याला म्हणावं, पुन्हा दोन दिवस घालव."

ती पिल्लांकडं एकदा बघून, पदर झटकून, निघून गेली. राग आला असावा. येऊ दे.

चोवीसला सकाळी मी भुरीची पाठ बघितली. जांभळ्या रंगाखाली खपली धरली होती. पिल्लं तिच्या पंखांतून डोकी काढत होती. दाणे-पाणी ठेवलं, बाकीच्यांना रानात सोडलं आणि बाया यायच्या आत फावडं खांद्यावर टाकून मागच्या घरी गेले. ती अंगण झाडत होती. फावड्याकडं बघून तिनं खराटा भिंतीला टेकवला.

"आग मी लावतो," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी खुराडं ओढत बांधापर्यंत नेलं. बांबू वाळलेले होते, लगेच पेटले. ते जळत असताना मी अंगणातली वरची माती बोटभर खरवडायला सुरुवात केली, आणि ती टोपलं घेऊन माझ्यामागं उचलत गेली.